विहिरीत शंख सापडले म्हणजे तिथे तळं होतं का?

निफाड तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "आमच्या मळ्यात विहिरीचं काम चालू आहे. बावीस फुटांवर निळसर काळ्या चिकण मातीचा हातभर जाड थर लागला. त्यात बारीक शंख आहेत. वर पिवळी माती, खाली वाळू आणि गोटे. भाऊ म्हणतो, इथे पूर्वी मोठं तळं होतं. मी शाळेत भूगोल शिकवते. जुन्या तळ्यांच्या गाळावरून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस आणि पाण्याची पातळी काढतात असं वाचलंय. आमच्या थरावरून ते काढता येईल का?"

ताई, आधी थोडक्यात. तळं बहुधा नव्हतं. त्या काळी किती मिलिमीटर पाऊस पडायचा, हे या थरावरून निघणार नाही. पण थर टाकून देण्यासारखा अजिबात नाही, आणि यारीवाल्याने तो उकरून बांधावर फेकायच्या आत तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. गेली एकतीस वर्षं मी गाळ वाचायचं काम करते. त्यातला निम्मा वेळ लोकांना "इथे तळं नव्हतं" हे समजावण्यात गेला असेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

तळं का नसावं, ते सांगते. तळं व्हायला जमिनीला खोलगट जागा लागते आणि ती टिकावी लागते. काश्मीर-लडाखकडे हिमनद्या ती कोरतात, राजस्थानात वाळूच्या टेकड्या ओढ्याची वाट अडवतात, कुठे जमीनच खचते. आपल्या बेसाल्टच्या पठारावर यातलं काहीच नाही. उलट नद्या-ओढे मागे मागे कापत येतात आणि कुठे पाणी साठलंच तर त्याला वाट काढून देतात. नाशिक जिल्ह्यात आज जी तळी म्हणून दाखवतात ती गंगापूर धरणापासून गावतळ्यापर्यंत बहुतेक सगळी माणसाने अडवलेली. दख्खनमध्ये हजारो वर्षं टिकलेलं नैसर्गिक तळं म्हणून डोळ्यासमोर येतं ते बुलढाण्याचं लोणार, आणि तेसुद्धा आकाशातून दगड पडला म्हणून. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा नसता, तर आमच्यासारख्यांना महाराष्ट्रात फारसं कामच नव्हतं.

मग तुमची चिकण माती आली कुठून? तुम्ही थरांचा जो क्रम लिहिलाय तोच उत्तर सांगतो. खाली वाळू-गोटे म्हणजे नदीचं वाहतं पात्र. वर चिकण माती म्हणजे तिथलं पाणी थांबलं. त्याच्या वर पिवळी माती म्हणजे पोयटा, पुराचं पाणी पसरून बसवलेला. नदी वळणं घेत घेत एखादं वळण टाकून देते. ते टाकलेलं वळण पुढे काही दशकं, कधी काही शतकं, डोहासारखं राहतं. पूर आला की त्यात गढूळ पाणी शिरतं, ओसरलं की बारीक कण तळाला बसतात, गाळात झाडपाला कुजतो, शंख वाढतात. नाशिक सोडल्यावर गोदावरी सपाटीला लागते, आणि चांदोरी-सायखेड्याकडची माणसं तुम्हाला सांगतील की पाणी पसरलं म्हणजे कुठवर जातं. तुमच्या थराची कथा याच पठडीतली दिसते.

इथेच पावसाच्या प्रश्नाची पहिली अडचण येते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिकला सातशेच्या आसपास, येवल्याकडे पाचशेच्या घरात. सव्वाशे किलोमीटरांत एवढा फरक. तुमच्या मळ्यात साठलेला गाळ तुमच्या पावसाने आणलेला नाही, तो त्र्यंबकच्या डोंगरातल्या पावसाने आणला. निफाडला अवर्षण आणि ब्रह्मगिरीवर धुवाधार, अशी वर्षं तुम्ही पाहिली असतीलच. त्या वर्षीचा थर "भरपूर पाणी" एवढंच सांगेल.

आता थराकडे जवळून बघू. मुठीएवढं ढेकूळ फोडा आणि ताज्या तोंडाचा रंग लगेच टिपून ठेवा. निळसर राखाडी असेल तर ती माती पाण्याखाली, हवेपासून तुटलेली होती. त्यातल्या लोहाला गंज चढला नव्हता. तेच ढेकूळ दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. कडेने तपकिरी झाक आली असेल. एका रात्रीत रंग बदलतो म्हणून खोदलेल्या ढिगाऱ्यावरून रंग सांगण्यात अर्थ नसतो. गेल्या आठवड्यात काढलेली माती आणि आज काढलेली माती एकाच थराची असूनही वेगळी दिसते, आणि मग घरात वाद होतात.

शंख चाळणीत धुऊन घ्या, पण रगडू नका. चपटे, गुंडाळी केलेल्या पट्टीसारखे असतील तर इंडोप्लॅनॉर्बिस. हा डबक्यातला जीव आहे आणि डबकं काही महिने आटलं तरी चिखलात तग धरतो. लांबुडके, स्क्रूसारखे असतील तर मेलानॉइडिस. त्याला उथळ, संथ पण बऱ्यापैकी कायम पाणी लागतं. दोन शिंपांचे मोठे शिंपले, लॅमेलिडेन्स किंवा पॅरेसिया, मिळाले तर मला कळवाच. त्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस माशांना चिकटून काढतात, त्यामुळे शिंपले आहेत म्हणजे मासे होते आणि पाणी उन्हाळ्यातही टिकत होतं. दोन्ही शिंपा बिजागरीला जुळलेल्या, जिवंतपणी चिखलात रोवल्यासारख्या उभ्या असतील तर तो जीव तिथेच जगला आणि तिथेच मेला. एकेक शिंप सुटी, कडा झिजलेली असेल तर पुराने आणून टाकलेली. एवढं एक निरीक्षण कधी कधी प्रयोगशाळेतल्या महिनाभराच्या कामापेक्षा जास्त सांगून जातं.

एक फसगत मात्र टाळा. चिकण मातीत किंवा वरच्या पिवळ्या मातीत पांढरे खडे सापडतील. आपल्याकडे त्याला चुनखडी म्हणतात. पुष्कळ लोक त्याला तळ्याच्या तळाचा चुना समजतात. ती चुनखडी माती बसून गेल्यावर, कोरड्या हवेत, जमिनीत मुरलेलं पाणी वर ओढलं जाऊन सुकताना तयार होते. म्हणजे ती पाण्याची नव्हे, पाणी कमी पडल्याची खूण.

आता तुमचा मूळ प्रश्न. खरंच तळं असेल तर गाळावरून पाऊस आणि पातळी कशी काढतात?

आधी विचारायचं ते एकच: या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट होती का? गंगापूर धरण डोळ्यासमोर आणा. ५,६३० दशलक्ष घनफूट झालं की धरण भरलं. त्यानंतर कितीही पाऊस पडो, दरवाजे उचलतात आणि पाणी रामकुंडाकडे सुटतं. धरणाच्या काठावरची खूण बघून तुम्ही फार तर म्हणाल, "त्या वर्षी भरलं होतं." किती जास्तीचा पाऊस झाला ते तिथे उमटत नाही. ज्या तळ्याला सांडवा आहे, मग तो नैसर्गिक का असेना, त्याचं असंच होतं. ओल्या काळाबद्दल ते मुकं असतं आणि फक्त कोरड्या काळाबद्दल बोलतं. लोणारला वाट नाही. आत आलेलं पाणी फक्त वाफ होऊन जातं. त्यामुळे तिथली पातळी म्हणजे आलेलं वजा उडालेलं, असा सरळ हिशेब. तोसुद्धा पूर्ण सरळ नाही, कारण काठावरचे झरे आणि भूजल पावसानंतर सावकाश येत राहतात.

आमच्या विद्यार्थ्यांना मी नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं उदाहरण देते. गोदेला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, मारुतीच्या कुठवर आलं? घोट्याला, कमरेला, छातीला. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांच्या गोष्टी आपण याच मापाने सांगतो. पण गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झालं. त्याआधी मारुतीच्या कमरेएवढं पाणी म्हणजे वरच्या पाणलोटातला पाऊस. त्यानंतरचं कमरेएवढं पाणी म्हणजे पाऊस आणि धरणावरून किती क्युसेक सोडले हा निर्णय, दोन्ही मिळून. खूण तीच राहिली, तिचा अर्थ बदलला. तळ्यांच्या बाबतीत हे सारखं होतं. सांडव्याची जागा झिजून फूटभर खाली जाते, तळ्याची पातळी उतरते, आणि आपण बसतो दुष्काळ शोधत.

लोणारबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्या भागातलं सगळ्यात चांगलं पुस्तक तेच आहे. २००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तळ्याच्या मध्याजवळून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दंड काढला. नळी चिखलात उभी दाबायची, आतला गाळ थर न मोडता वर आणायचा, मग उभा चिरायचा. चिरल्यावर दिसतो तो काळा-करडा पट्ट्यापट्ट्यांचा चिखल, वास सडक्या अंड्यासारखा. त्या दंडात साधारण अकरा-साडेअकरा हजार वर्षं आहेत, म्हणजे हिमयुग सरून मान्सूनने जोर धरला तिथपासून.

त्यात काही ठिकाणी स्फटिक सापडतात, गेलुसाइट नावाचे. सोडियम, कॅल्शियम, कार्बोनेट आणि पाणी असलेलं हे खनिज. लोणारचं पाणी मुळातच खारट आणि सोड्यासारखं. ते खूप आटून दाट झालं की गेलुसाइट धरतो. मिठागरात जसं पाणी आटल्यावर मीठ धरतं, तसंच. म्हणून गेलुसाइटचा पट्टा म्हणजे तळं बरंच उतरलं होतं याचा साक्षीदार. असे दोन लांब कोरडे काळ तिथे दिसले: एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं, आणि त्यात नुसते स्फटिक नव्हते. जैविक अवशेष, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू), मातीतली मूलद्रव्यं, सगळे एकाच बाजूला झुकले म्हणून ते पटलं. नुसत्या स्फटिकांवर मी स्वतः एवढा भरवसा ठेवला नसता.

दहा मीटर आणि अकरा हजार वर्षं म्हणजे वर्षाला सरासरी मिलिमीटरही नाही. आम्ही नमुना घेतो एक सेंटिमीटरचा. त्यात दहा-अकरा पावसाळे एकत्र कालवलेले असतात. तुमच्या घरातले वडीलधारे १९७२च्या दुष्काळाबद्दल अजून बोलत असतील, सुकडी आणि रोजगार हमीच्या खडीबद्दल. लोणारच्या गाळात तो दुष्काळ मिलिमीटरभरही नाही. गाळाला एका वर्षाचं दुःख कळत नाही. सात-आठ पिढ्या तळं उतरलेलं राहिलं तर तो बोलायला लागतो. "त्या सालचा दुष्काळ गाळात दिसतो का?" असं कोणी विचारलं की माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं.

ऑक्सिजनचे समस्थानिक हा दुसरा मार्ग. गच्चीवर परातीत पाणी ठेवा. हलके रेणू आधी उडतात, मागे राहिलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढत जातं. त्या पाण्यात वाढलेला शंख आपल्या कवचात तेच प्रमाण नोंदवतो. हरियाणातल्या कोटला दहर या आटलेल्या तळ्याच्या शंखांवर असं काम झालं आणि सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी मान्सून एकदम कमजोर झाल्याचं त्यातून निघालं. तुमच्या शंखांवरही ही तपासणी होऊ शकते. पण डोहात दरवर्षी पुराचं ताजं पाणी शिरून जुनं धुऊन काढत असेल, तर परात दर पावसाळ्यात विसळली जाते आणि आकडे काहीच बोलत नाहीत.

कार्बनच्या समस्थानिकांचंही एक सांगण्यासारखं आहे. ज्वारी, बाजरी, ऊस आणि उष्ण कोरड्या माळावरची बहुतेक गवतं एका पद्धतीने कार्बन धरतात. त्यांच्यातल्या जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणाचा आकडा ठरलेल्या मापाच्या तुलनेत हजारी उणे १३च्या आसपास येतो. झाडं, भात, गहू, द्राक्ष यांचा उणे २७च्या आसपास. गाळाचा आकडा उणे २७कडून उणे १३कडे सरकला की आम्ही म्हणतो, झाडं घटली, गवत वाढलं, हवा कोरडी झाली. आता तुमच्या तालुक्याचा विचार करा. ऊस वाढला तरी आकडा त्याच दिशेला जाईल. पाच हजार वर्षांनी कोणी निफाडचा गाळ काढला आणि त्याला साखर कारखाने माहीत नसले, तर तो लिहील की विसाव्या शतकात इथे भीषण अवर्षण पडून गवताळ माळ पसरला. आणि प्रत्यक्षात कालव्याचं पाणी आलं होतं!

परागकण आणि डायटम या एकपेशीय शेवाळांवर वाटलं तर वेगळं लिहीन. परागकणाचं कवच इतकं चिवट असतं की बाकीची माती आम्लात विरघळवली तरी ते उरतं. पण आपल्याकडची अडचण अशी की सगळ्या गवतांचे परागकण गोल आणि एका छिद्राचे, सूक्ष्मदर्शकाखाली ज्वारी आणि कुसळी वेगळी करताना डोळे जातात. शिवाय निळसर माती एकदा सुकून भेगाळली की त्यातले पराग खराब होतात.

खरी मारामारी वयाची. थर केव्हाचा हे चुकलं की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. आणि इथे माझीच एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका जुन्या बांधीव तलावाचा गाळ काढला होता. तलाव शंभर वर्षांपूर्वी बांधल्याची पक्की नोंद. तळाला छान शंख मिळाले, मी उत्साहाने तेच कार्बन-१४ साठी पाठवले, म्हणजे किरणोत्सारी कार्बन किती उरलाय त्यावरून वय काढायला. वय आलं साडेसातशे वर्षं. मी दोन आठवडे त्या तलावाखाली यादवांच्या काळातलं जुनं तळं कल्पत बसले होते, एक आराखडाही काढला. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "तिथल्या विहिरींचं पाणी जड आहे का?" होतं. चुनखडीतून विरघळलेला जुना, किरणोत्सार संपलेला कार्बन शंखाने कवचात घेतला होता. शंख शंभर वर्षांचा, पण त्याच्या अंगातला थोडासा कार्बन हजारो वर्षांपूर्वीचा, आणि तेवढ्यानेच हिशेब बिघडला. त्यानंतर नुसत्या शंखाच्या वयावर मी कधी विसंबले नाही. त्याच थरातली जमिनीवरची वस्तू शोधायची: बी, पान, कोळशाचा तुकडा. ते हवेतला कार्बन घेतात, पाण्यातला नाही.

काळ्या मातीत तर आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात ती माणसाचा पाय जाईल एवढी भेगाळते. वरची माती, कोळसा, बी थेट खोल पडतं, पावसाळ्यात भेग मिटते आणि कालची वस्तू हजार वर्षांपूर्वीच्या थरात जाऊन बसते. म्हणून थर भेगाळलेला होता का हे कोळसा उचलायच्या आधी बघायचं. मातीच्या फुटलेल्या तोंडावर तेल लावल्यासारखे गुळगुळीत, तिरपे घासलेले पृष्ठभाग दिसले तर समजायचं की ही माती फुगत-आक्रसत होती आणि तिने स्वतःला ढवळलंय.

कार्बन-१४चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचं, त्यामुळे पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे ते चालत नाही. गोदाकाठचा गाळ त्याहून जुना असू शकतो. नाशिकजवळ गंगापूरला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली ती नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरात, आणि गोदावरीच्या जुन्या गाळातल्या हत्तीच्या अवशेषांवर भूशास्त्रज्ञ गाय पिलग्रिम यांनी १९०५ सालीच लिहिलं होतं. तेव्हा तुमचे गोटे कदाचित फार म्हातारे निघतील. अशा वेळी वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजायची पद्धत वापरतात. तिला बहुतेक वेळा क्वार्ट्‌झ लागतो, आणि आपल्या बेसाल्टात तोच जवळपास नसतो. दुसऱ्या खनिजावर काम करावं लागतं, त्यात सुधारणा कराव्या लागतात. बाहेरचे लोक विचारतात, दख्खनच्या नद्यांची वयं एवढी कमी का आहेत; निम्मं उत्तर या खडकात आहे.

एवढं असूनही मोठं चित्र बऱ्यापैकी उभं राहिलंय. शरद राजगुरू आणि विश्वास काळे या संशोधकांनी १९८७ साली दख्खनच्या वरच्या भागातल्या नद्यांबद्दल मांडलं ते साधारण असं: हिमयुगाच्या ऐन थंडीत मान्सून कमजोर होता, नद्यांना गाळ वाहून न्यायची ताकद नव्हती, पात्रं भरत गेली. पुढे मान्सून बळावला आणि नद्यांनी तोच गाळ कापून काढला. गोदा-प्रवरेच्या काठांना आज जे उंच मातीचे कडे दिसतात ते या भरण्या-कापण्याचे. म्हणजे आपल्याकडे जाड गाळ दिसला की खूप पाऊस होता असं नाही, बरेचदा उलटं.

मग लोक पुढची उडी मारतात: पाऊस गेला म्हणून संस्कृती बुडाली. राजस्थानातल्या लुणकरणसरच्या कोरड्या तळ्याच्या गाळावरचं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं, त्यात तळं पूर्ण आटल्यानंतर सुमारे हजार वर्षांनी त्या प्रदेशात हडप्पा संस्कृती बहरल्याचं दिसलं. म्हणजे तळं भरलेलं असताना नव्हे, आटल्यावर. इनामगावचं पण असंच. पुणे जिल्ह्यातली, घोड नदीकाठची ती ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ. स. पू. १०००च्या पुढे का खालावली, याला हवा कोरडी झाली हे कारण अनेक वर्षं दिलं जातं. ते खरं असूही शकेल, पण लोणारच्या त्या दोन मोठ्या कोरड्या काळांत ते साल बसत नाही. आणि दुसरा कोरडा काळ सुरू होतो साधारण तेव्हा, जेव्हा आपल्या नाशिकच्या पांडवलेणीत क्षहरात आणि सातवाहन ही राजघराणी लेणी खोदून दान देत होती. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात लेण्याबरोबर पाण्याच्या पोढ्यांचाही उल्लेख आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. ते वाचून एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे अवर्षण होतं म्हणून टाकी?" मी म्हटलं, जूनमध्ये चिंब आणि मार्चमध्ये कोरड्या ठणठणीत असणाऱ्या त्या डोंगरावर आठ महिने राहायचं तर टाकं लागणारच, अवर्षण असो नसो.

तुम्हाला तुमच्या जवळचा खरा तळ्याचा गाळ हवा असेल तर तो नांदूर मधमेश्वरला आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा १९०७च्या सुमारासचा. मागे गाळ साठून पाणथळ झाली आणि २०२० साली ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तिथला गाळ शंभरेक वर्षांचा, पण अशा तरुण गाळाची वयं छान मिळतात. शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं दर २२ वर्षांनी निम्मं होतं, ते शतकभर पुरतं. अणुचाचण्यांचं किरणोत्सारी सीझियम १९६३ साली सगळ्यात जास्त पडलं, ती एक आयती रेघ. त्या रेघेच्या थोडं वर १९६९च्या पुराचा भरड थर शोधता येईल, आणि द्राक्षबागा वाढल्या तसतसं बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचं तांबं वाढत गेलेलं दिसावं अशी माझी अपेक्षा आहे. पाणी उतरल्यावर चांदोरीच्या पात्रातली देवळं उघडी पडतात, तीही पातळीची खूणच. मात्र जिथे गाळ उपसून शेतात पसरतात तिथे हे पुस्तक पानापानाने वावरात जातं. शेतकऱ्याला गाळ हवा, त्याला नाही म्हणायचा मला हक्क नाही. फक्त एखादा कोपरा न उकरता ठेवा, एवढंच मी ठिकठिकाणी सांगत फिरते.

आता विहिरीचं. स्वतः खाली उतरू नका, मुलांना तर मुळीच नाही; न बांधलेल्या विहिरीचा काठ ढासळायला वेळ लागत नाही. यारीवर जे उतरतात त्यांच्याकडूनच करून घ्या. टेप लटकवून जमिनीपासूनची खोली दिसेल असे फोटो काढायचे. थराचं तोंड कुदळीने बोटभर सोलून ताजं करायचं आणि नमुने खालून वर घ्यायचे, नाहीतर वरची माती खालच्या नमुन्यात पडते. मूठभर माती ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, मग पिशवीत, बाहेर खोली आणि तारीख. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद म्हणजे आजचा कार्बन. नमुने घरातल्या फ्रिजमध्ये ठेवा, घरचे कुरकुर करतील. पांढरी, पिठासारखी, बोटात चुरली की कचकच लागणारी पातळ रेघ कुठे दिसली तर काम थांबवून फोन करा. ज्वालामुखीची राख तशी असते, आणि पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला ती मिळालेली आहे. तिच्या वयावर अजून भांडणं चालू आहेत.

पण सगळ्यात उपयोगी काम तुम्हीच करू शकता, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तळं की वळण, याचा निकाल एका विहिरीत लागत नाही, आजूबाजूच्या विहिरींत लागतो. शाळेतल्या मुलांना एक वही द्या. कोणाच्या विहिरीत निळी चिकण माती लागली, किती फुटांवर, किती जाड, खाली गोटे की मुरूम, आणि विहिरीचा काठ नदीच्या पात्रापेक्षा किती उंच. ही उंची मोबाइलवरून घेऊ नका, ती दोन-चार मीटरने सहज चुकते. ओळखीच्या इंजिनिअरकडून लेव्हल लावून घ्या. यारीवाल्यांना तर जरूर विचारा, कोणत्या मळ्यात किती परसावर काय लागलं हे त्यांच्या तोंडपाठ असतं. नकाशावर ठिपके मांडले आणि चिकण माती अरुंद, वाकड्या पट्ट्यात आली तर ते नदीने टाकलेलं वळण. सगळ्या बाजूंनी मध्याकडे जाड होत जाणारी ताटली निघाली, आणि कडेच्या विहिरींत तीच माती भरड होत गेली, तर मग तळ्याचा विचार करावा लागेल.

विहिरीचं कडं बांधायला घ्याल तेव्हा एका बाजूला हातभर रुंदीची पट्टी चार दिवस उघडी ठेवा, मी येऊन बघते. भावाला सांगा, पैज अजून सुटलेली नाही. ताटली निघाली तर पेढे माझ्याकडून.